एका बॅटरीसाठी दहा वर्षे

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की डोळ्यांपुढे विजेचा दिवा येतो. पाठोपाठ फोनोग्राफ आठवतो, चलच्चित्र आठवते. शाळेत न रमलेला मुलगा, आगगाडीत वर्तमानपत्रे विकणारा पोरगा आणि पुढे १,०९३ अमेरिकन पेटंटांचा धनी, ही गोष्ट आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी लहानपणी वाचली आहे. पण दिव्याच्या शोधावर त्याने जेवढा काळ खर्च केला, त्याच्या कितीतरी पट काळ त्याने दुसऱ्याच एका वस्तूपायी घालवला. त्याच्या चरित्रांत ती जेमतेम एखाद्या प्रकरणात उरकली जाते. ती वस्तू म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी.

ही गोष्ट आज आठवायचे कारण प्रत्येकाच्या खिशात आहे. सकाळी शंभर टक्के भरलेला मोबाइल दुपारी चारला मान टाकतो. दोन वर्षांपूर्वी दिवसभर साथ देणारा फोन आता दिवसातून दोनदा प्लगला लावावा लागतो, आणि मग बॅटरी बदलावी की फोनच नवा घ्यावा यावर घराघरांत खल होतो. बॅटरी टिकत नाही, ही तक्रार मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीची, सव्वाशे वर्षांची जुनी आहे. तिच्यात दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. एकदा चार्ज केलेली बॅटरी किती तास पुरते हा पहिला, आणि ती किती वर्षे जगते हा दुसरा. बोलताना आपण दोन्हींना टिकणे असेच म्हणतो. एडिसनला हा फरक नेमका कळला होता, आणि त्यासाठी त्याने आयुष्याची दहा वर्षे मोजली.

तारायंत्राच्या खोलीत

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान या छोट्या गावातला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला आले. शाळेत तो काही महिनेच टिकला. पुढचे शिक्षण आईने, नॅन्सीने, घरीच केले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या गाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. ऐकू कमी येण्याचा त्रास त्याला लहानपणीच जडला आणि तो जन्मभर राहिला.

१८६२ साली एका स्टेशनमास्तरचा लहान मुलगा रुळांवर खेळत असताना एडिसनने त्याला गाडीखाली येण्यापासून वाचवले. उपकाराची फेड म्हणून त्या स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्र शिकवले. तेव्हा घरोघर वीज नव्हती. वीज म्हणजे तारकचेरीतल्या काचेच्या बरण्या, त्यांतली आम्ले आणि धातूचे पत्रे. म्हणजेच बॅटऱ्या. एडिसनची विजेशी ओळख दिव्याच्या नव्हे, बॅटरीच्या वाटेने झाली.

ही ओळख त्याला पहिल्यापासूनच महागात पडली. १८६७ च्या सुमारास लुइव्हिल इथल्या तारकचेरीत तो रात्रपाळीला होता. पाळीत सवड मिळाली की बॅटऱ्यांशी खेळायचे हा त्याचा छंद. एका रात्री आम्ल सांडले, लाकडी जमिनीतून झिरपले आणि खालच्या मजल्यावरच्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली, अशी हकीकत सांगतात.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र. या धामधुमीत १८८४ साली त्याची पहिली पत्नी मेरी वारली. दोन वर्षांनी त्याने मीना मिलरशी लग्न केले. बहिऱ्या झालेल्या एडिसनने तिला तारायंत्राची लिपी शिकवली होती, आणि लग्नाची मागणीही तिच्या तळहातावर त्याच लिपीत टिचक्या मारून घातली होती.

शिशाशी वैर

गंमत म्हणजे हाच माणूस एके काळी चार्ज होणाऱ्या बॅटरीचा कडवा विरोधक होता. शिसे आणि गंधकाम्ल यांची अशी बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली बनवली. कामिल फोर याने १८८१ मध्ये तिच्यात सुधारणा केली आणि युरोप-अमेरिकेत बॅटरी कंपन्यांचे पीक आले. शेअर विकले गेले, जाहिराती झडल्या. १८८३ साली एडिसनने जाहीरपणे सांगून टाकले की हा लोकांना गंडवण्याचा धंदा आहे.

त्याचा राग अगदीच अनाठायी नव्हता. शिशाच्या बॅटरीत आम्ल नुसते भरलेले नसते, ते रासायनिक क्रियेत भाग घेते. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि चार्ज करताना ते परत जाते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली तर हे सल्फेट खड्यासारखे घट्ट होते आणि मग काही केल्या विरघळत नाही. शिवाय प्रत्येक फेरीत पत्र्यावरचा लेप फुगतो, आक्रसतो, हळूहळू सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. त्यात शिसे जड. म्हणजे जन्मतःच अशक्त आणि वर स्थूल, अशी ही प्रकृती.

१९०० साल उजाडले तेव्हा या दुखण्याला मोठे महत्त्व आले होते. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. वाफेच्या गाड्या त्यांच्या थोड्या पुढे होत्या, पेट्रोलच्या सर्वांत मागे. विजेची मोटार आवाज करत नसे, धूर सोडत नसे. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढचे हँडल जोर लावून फिरवावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या मोटारीला खरा अडसर एकच होता, तो म्हणजे बॅटरी.

एडिसन तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता आणि एका मोठ्या आपटीतून नुकताच उठत होता. न्यू जर्सीच्या डोंगरात कमी प्रतीच्या लोहखनिजातून चुंबकाने लोखंड वेगळे काढण्याच्या उद्योगात त्याची जवळजवळ दहा वर्षे आणि सुमारे वीस लाख डॉलर बुडाले होते. या वयात, एवढा पैसा गमावल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. एडिसनने १८९९ साली बॅटरी हाती घेतली.

नऊ हजार प्रयोग

त्याची अट एकच आणि अवघड होती. नव्या बॅटरीत शिसे नको, आम्लही नको. आतला द्रव धातूला खाणारा नसावा, म्हणजे बॅटरी स्वतःलाच कुरतडणार नाही. म्हणून त्याने आम्लाच्या उलट गुणाचा, अल्कली द्रव निवडला. पण अल्कलीत चालतील असे दोन धातू कोणते?

त्याचे उत्तर वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत शोधायला सुरुवात झाली. रसायनज्ञांची तुकडी दिवसरात्र कामाला लागली. तांबे, कोबाल्ट, कॅडमियम, एकेक धातू आणि त्याची संयुगे छोट्या छोट्या सेलमध्ये भरून पाहिली गेली. एडिसनचा जुना सहकारी वॉल्टर मॅलरी एकदा भेटायला आला. नऊ हजारांवर प्रयोग होऊनही हाती काही लागले नाही हे कळल्यावर त्याने हळहळ व्यक्त केली. एडिसनने मात्र हसत त्याला समजावले की हाती पुष्कळ लागले आहे, कारण काय चालत नाही हे आता हजारो बाबतींत पक्के झाले आहे. ही हकीकत पुढे दिव्याच्या नावावर खपवली गेली. ती खरी बॅटरीची आहे.

शेवटी एका बाजूला निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्रव, अशी जोडी जमली. या बॅटरीत द्रव खर्ची पडत नाही आणि पत्रे त्यात विरघळत नाहीत. म्हणून ती उतरलेली राहिली तरी बिघडत नाही आणि जास्त चार्ज झाली तरी सहन करते.

याच वाटेने स्वीडनमध्ये आणखी एक माणूस चालला होता. वाल्डेमार युंगनर हे त्याचे नाव. निकेल-कॅडमियमची बॅटरी त्याने १८९९ साली बनवली आणि निकेल-लोखंडाची जोडीही पारखली होती. दोघांत पेटंटांवरून झगडा झाला. एडिसनच्या मागे पैसा होता, युंगनरच्या मागे नव्हता. इतिहासाने एडिसनला मोठे केले, तरी या बॅटरीच्या श्रेयात युंगनरचा वाटा मान्य करायलाच हवा.

परत घेतलेला माल

१९०१ साली एडिसनने बॅटरीची कंपनी काढली. बॅटरी नीट तयार होण्याआधीच तिची कीर्ती वर्तमानपत्रांत पसरली, आणि त्याला एडिसनचाही हात लागला होता. १९०३ च्या सुमारास माल बाजारात आला. मालवाहू गाड्यांत या बॅटऱ्या बसू लागल्या. पहिले काही महिने सारे आलबेल होते.

मग तक्रारी सुरू झाल्या. डब्यांचे सांधे पाझरत होते. त्याहून गंभीर म्हणजे काही सेलची शक्ती काही महिन्यांतच घटत होती. सगळ्यांची नव्हे, काहींचीच. एकाच कारखान्यातले, एकाच हातांनी भरलेले सेल, पण एक धडधाकट आणि दुसरा मरतुकडा. असे का, हे कोणालाच सांगता येईना.

इथे एडिसनच्या आयुष्यातला, माझ्या मते, दिव्याइतकाच उजेडाचा क्षण येतो. गिऱ्हाईक तक्रारी करत होते, तरी मागणी थांबलेली नव्हती. शिशाच्या बॅटरीपेक्षा ही अजूनही बरी, असे म्हणणारे पुष्कळ होते. थोडी डागडुजी करून धंदा चालू ठेवता आला असता. एडिसनने १९०४ च्या अखेरीस कारखाना बंद केला. विकलेला सदोष माल पैसे देऊन परत घ्यायची त्याने तयारी दाखवली आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. वीस वर्षांपूर्वी त्याने ज्या कंपन्यांना गंडवणाऱ्या म्हटले होते, त्यांच्या रांगेत आपण बसायचे की नाही हा प्रश्न होता. टिकते असे सांगून विकलेली वस्तू टिकली नाही, तर ती परत घेतलीच पाहिजे. त्याने घेतली.

यानंतरची पाच वर्षे बॅटरीच्या आत नेमके काय झिजते याच्या शोधात गेली. निकेलचे संयुग वीज नीट वाहून नेत नाही म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेले असे. हे ग्रॅफाइटच चार्ज होताना फुगत होते आणि निकेलशी असलेला संपर्क तुटत होता. एडिसनने ग्रॅफाइट काढून टाकले आणि त्याच्या जागी निकेलचेच अतिशय पातळ कपटे घालायचे ठरवले. ते बनवण्याची त्याची युक्ती मोठी नामी होती. तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, असे विजेच्या मुलाम्याने थरावर थर चढवायचे, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मग त्यातले तांबे विरघळवून टाकायचे. उरतात ते वाऱ्याने उडावेत असे निकेलचे वर्ख. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची आठवण यावी, असे. हे वर्ख आणि निकेलचे संयुग यांचे शेकडो थर बारीक छिद्रांच्या पोलादी नळ्यांत ठासून भरले. वरून कडी बसवली. आता आतला ऐवज फुगायला जागाच उरली नाही.

द्रवात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले तर बॅटरीची शक्ती वाढते आणि ती अधिक काळ टिकते, हेही याच काळात त्याच्या लक्षात आले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. लिथियमचे काम तिथे मदतनिसाचे होते. आजच्या मोबाइलच्या बॅटरीत तेच मुख्य पात्र आहे.

नव्या सेलची परीक्षाही निर्दय होती. बॅटऱ्या गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवरून हजारो मैल पिटाळल्या गेल्या. यंत्रावर चढवून त्या अहोरात्र आदळल्या गेल्या. १९०९ साली नवी बॅटरी बाजारात आली. सुरुवात करून दहा वर्षे झाली होती आणि एडिसन बासष्ट वर्षांचा होता.

जिंकला, पण उशिरा

बॅटरी जिंकली होती. शर्यत मात्र संपली होती. १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी आली आणि पेट्रोलची मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. हा फोर्ड पूर्वी डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत इंजिनियर होता. १८९६ साली एका मेजवानीत त्याने आपल्या पेट्रोल गाडीची कल्पना एडिसनला ऐकवली होती, आणि हे काम सोडू नकोस म्हणून त्याची पाठ थोपटणारा खुद्द एडिसनच होता. दोघे पुढे जिवलग मित्र झाले.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल फिरवण्याची कटकट गेली. पेट्रोल गाडीची शेवटची अडचण दूर केली ती एका बॅटरीने, आणि तीही शिशाच्या. इंजिनाला हिसका द्यायला क्षणभर प्रचंड प्रवाह लागतो. शिशाची बॅटरी तो देते. एडिसनची बॅटरी संथ होती आणि थंडीत तर आणखीच मंदावत असे. फोर्डसाठी स्टार्टरची बॅटरी करायचा त्याने यत्न केला, तो साधला नाही. दोघांनी मिळून विजेची स्वस्त मोटार काढायचा बेतही १९१४ नंतर बारगळला. पाणबुड्यांसाठी ही बॅटरी वापरण्याच्या खटपटीत जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसे दगावली.

तरीही ही बॅटरी मेली नाही. जिथे वेग नको, पण वर्षानुवर्षांचा भरवसा हवा, तिथे ती गेली. आगगाडीच्या डब्यांतले दिवे, रेल्वेचे सिग्नल, खाणीतली इंजिने, खाणकामगाराच्या टोपीवरचा दिवा. एडिसनच्या उद्योगांत पुढे सर्वांत किफायतशीर ठरलेल्यांपैकी ती एक होती. बॅटरीवरची त्याची पेटंटे १४० च्या आसपास भरतात. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी तो वेस्ट ऑरेंजला वारला. त्याच्या पश्चातही ही बॅटरी अमेरिकेत १९७५ पर्यंत तयार होत राहिली. कित्येक दशकांचे जुने सेल द्रव बदलल्यावर पुन्हा चालू झाल्याची उदाहरणे आहेत.

आपल्या खिशातली बॅटरी

मग आपल्या मोबाइलमध्ये एडिसनची बॅटरी का नाही? कारण ती वर्षे काढते, पण दिवस काढत नाही. वजनाच्या मानाने ती फार थोडी वीज साठवते, आणि साठवलेली वीज नुसती ठेवल्यानेही उतरते. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीचे गुण याच्या नेमके उलटे आहेत. ती हलकी आहे, भरपूर साठवते, पण नाजूक आहे. एडिसनच्या बॅटरीने जे हसत सोसले, ते हिला सोसत नाही.

म्हणूनच हिला जपण्याचे नियम वेगळे आहेत. पहिला शत्रू उष्णता. उन्हात मोटारीच्या काचेमागे ठेवलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन त्या दिवशी चालतो, पण त्याचे आयुष्य घटते. दुसरी गोष्ट, ही बॅटरी दोन्ही टोकांना त्रासते. ती पूर्ण उतरू देऊ नये आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास ठेवू नये. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहिलेली बॅटरी जास्त वर्षे जगते. ऐंशीला चार्जिंग थांबवण्याची सोय आता पुष्कळ फोनमध्ये असते. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवावा.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा सल्ला अजूनही घरोघरी ऐकू येतो. तो युंगनरच्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि सुरुवातीच्या मोबाइलमध्ये ती असे. लिथियमच्या बॅटरीला तो अपायकारकच आहे. दिवस काढायचा असेल तर पडद्याचा उजेड कमी करावा, आणि घाटात किंवा आडरानात रेंज नसेल तिथे फोन विमान मोडवर टाकावा. टॉवर शोधण्यात तो नुसता दमत असतो.

फोनच्या जाहिराती आपल्याला तास सांगतात. वर्षांचा उच्चार क्वचितच होतो. नवा फोन घेताना त्याची बॅटरी किती वर्षांनी किती उरेल आणि ती बदलून मिळेल का, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका हट्टी माणसाने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. उत्तर पटले नाही म्हणून त्याने चालता कारखाना बंद केला आणि विकलेला माल परत घेतला.